उसाचा आडवा छेद

झुंबर सहा वर्षांची झाली तेव्हा तिचं नाव शाळेत घातलं, आणि त्याच वर्षी आईवडिलांनी तिला पहिल्यांदा मागं ठेवलं. गीताबाई आणि सिताराम दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. देवगाव फाट्यावर मुकादमाचा ट्रक यायचा. त्यात पत्र्याची पेटी, तवा, कोयते, एखादी शेळी आणि माणसं असं सगळं चढायचं, आणि ट्रक नगरकडच्या कारखान्याच्या वाटेला लागायचा. तोपर्यंत झुंबरही त्यात असायची. पण त्या दिवसांतलं तिला एवढंच आठवायचं, की पाचटावर झोपलं की पाठ खाजते.

मग ती सेलूला आत्याकडं राहायला लागली. वच्छलाबाई बापाची थोरली बहीण, विधवा, जिनिंगमध्ये कापसातली घाण वेचायच्या कामावर. रेल्वे रुळाच्या पलीकडं तिच्या दोन खोल्या होत्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. आत्या कडक होती, पण झुंबरला शाळेत पाठवण्यात तिनं कधी कसूर केली नाही. "तुजी माय तिकडं मोळ्या उचलायली, तू इकडं पाटी उचल," एवढंच म्हणायची.

वैशाखी पौर्णिमेच्या आगंमागं आईवडील परत यायचे. आई यायची ती वाळून, काळी पडून, हातांच्या भेगा अशा, की त्यांत कुणीतरी काळा दोरा भरलाय. झुंबर तिला चिकटून बसायची आणि विचारायची, "माय, तिकडं कसं असतं गं?"

"कसं असायचंय? ऊस असतो."

याच्यापुढं गीताबाई कधी बोलली नाही. लपवण्यासारखं काही होतं म्हणून नव्हे. तिला ते सांगण्याजोगं वाटायचंच नाही. झुंबर मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्रीची भाकर खाताना घास हातात धरून थांबायची. आत्ता माय काय करत असेल, हा विचार तिला धड करताच यायचा नाही, कारण आई कुठं बसली असेल, कशावर बसली असेल, समोर काय दिसत असेल, यातलं काहीच तिच्या डोळ्यांसमोर येत नव्हतं. आई आठवायची, पण आईच्या भोवती सगळं कोरं.

मॅट्रिक झाली, सायन्सला गेली. घराण्यातली पहिलीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, शहात्तर सालच्या संक्रांतीच्या आठवड्यात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट घडली. त्या दिवशी मक्याच्या खोडाचा छेद बघायचा होता. प्रयोग करून घेणारे नागनाथ सर हातात उसाची कांडी घेऊन आले.

"मका मिळाला नाही. घरी वाणाचा ऊस उरला होता, तो आणलाय. आतली रचना तशीच असते. खाऊ नका," ते म्हणाले.

पोरांनी निम्मा खाल्लाच. झुंबरनं तिच्या वाट्याचा तुकडा ब्लेडनं कापायला घेतला. आडवा, कागदाहून पातळ काप निघायला पाहिजे. ऊस चिवट, काप तुटायचे. वीसेक काप पाण्याच्या वाटीत टाकले, त्यातला सगळ्यात पातळ ब्रशच्या टोकानं उचलला, लाल रंगात बुडवला, धुतला, काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

आधी नुसता लालसर उजेड. मग तिनं चाक हळूहळू फिरवलं आणि तो उजेड स्थिर झाला. एकमेकींना रेटून बसलेल्या गोल गोल खोल्या, शेकड्यांनी, सगळ्या रिकाम्या. त्यांच्यामध्ये जागोजागी लाल काठाचे छोटे पुंजके. प्रत्येक पुंजक्यात दोन मोठी भोकं, खाली एक-दोन बारीक. कडेला पुंजक्यांची दाटी, आणि आत जावं तसे ते विरळ, एकमेकांपासून दूर.

शेजारची मुलगी म्हणाली, "माकडाचं तोंड दिसतंय की नाही गं?" सगळे हसले. झुंबरला तोंड दिसलं नाही. तिच्या मनात आलं ते असं, की माझी माय सगळी उमर ही वस्तू मुठीत धरायली आणि तिच्या आत हे आहे. तिला तिथून डोळा काढवेना. घंटा झाली, बाकीचे गेले, तरी ती स्टुलावर तशीच.

जर्नलमध्ये तिनं जी आकृती काढली तिनं पूर्ण पान भरलं. कडेच्या रेघा कागदाबाहेर जायला निघालेल्या, लाल रंगाचं बोट जागोजागी उमटलेलं. नागनाथ सरांनी पान बघितलं.

"ह्यात नावं कुठायत? बाण कुठायत?"

"नावं टाकली की ते दिसत न्हाई सर."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. ते काही वाईट माणूस नव्हते. "परीक्षक नावंच बघतो," ते म्हणाले. "दुसरं काढ."

तिनं दुसरं काढलं, बाण टाकले, नावं लिहिली, पैकीच्या पैकी मार्क मिळाले. पहिलं पान मात्र तिनं ब्लेडनं अलगद सोडवून घेतलं आणि आत्याच्या पेटीत साडीखाली ठेवलं.

त्यानंतर ती प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबायला लागली. काचा धुऊन, पुसून ठेवायची, म्हणून सर तिला थांबू द्यायचे. तिनं दुधनेच्या डोहातलं शेवाळ आणून बघितलं, त्यात हिरव्या फिती वळत गेलेल्या. कापसाच्या पानाची खालची बाजू बघितली, तिथं हजार उघडी तोंडं. कांद्याचा पापुद्रा, ज्वारीचं मूळ. घरी येऊन ती हे सगळं कागदावर काढायची, नाव नाही, बाण नाही. बघणाऱ्याला कशाचं चित्र आहे ते कळलं नसतं. पण फिरून फिरून तिचा हात उसाकडंच यायचा.

त्या वर्षी पोळा झाल्यावर तिनं सरांना विचारलं, "सर, माझ्या आईला एकदा दाखवू का?"

रविवारी गीताबाई धुवट लुगडं नेसून आली. दारातच चपला काढल्या. नागनाथ सर उठून उभे राहिले, "या, बसा माय," म्हणाले. ती बसली नाही. झुंबरनं आधीच काप लावून ठेवला होता.

"एक डोळा झाक. दुसरा ह्याला लाव."

गीताबाईनं तळहातानं एक डोळा दाबला आणि वाकली.

"दिसलं?"

"दिसलं की."

"काय दिसलं?"

"काळं काळं. गवतावानी. हलायलंय."

झुंबरच्या लक्षात आलं. आईला तिच्याच पापण्यांचे केस दिसत होते. पहिल्या दिवशी सगळ्यांना तेच दिसतात. तिनं आईचं डोकं जरा वर धरलं, चाक फिरवलं, पुन्हा बघायला सांगितलं, पुन्हा. गीताबाईचा तो डोळा दोन वर्षांपूर्वी उसाच्या पात्यानं कापला होता, त्यातून पाणी यायला लागलं. पदरानं डोळा पुसत ती सरांना म्हणाली, "लय चांगलं हाय बगा सगळं. लय चांगलं."

घरी येताना रुळापाशी मालगाडी थांबलेली होती. ती जाईपर्यंत दोघी उभ्या राहिल्या. गीताबाई म्हणाली, "खरं सांगू का? मला काय बी दिसलं न्हाई. तुज्या मास्तरासमोर तुला कमीपणा नको म्हणून म्हणले."

"कळलं मला."

"काय होतं त्याच्यात?"

झुंबरनं सांगायचा प्रयत्न केला. खोल्या, रिकाम्या, लाल काठ. बोलता बोलता तिचं तिलाच समजलं, की हे सांगून होणार नाही. आपली माय तिकडचं सांगायची न्हाई, तिचंही असंच असेल का, असं तिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

"माय, मी तुला मोठं करून दाखवते," ती म्हणाली. "नळीत बघायचं कामच न्हाई."

दिवाळी झाली. फाट्यावर ट्रक आला. झुंबर पोचवायला गेली, ट्रक वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली, आणि परत आल्यावर आत्याला म्हणाली, "आत्या, तुझं गादीच्या खोळीचं मांजरपाट देशील का मला?"

"कशाला?"

"चित्र काढायचंय."

"येवढ्या मोठ्या कापडावर? कुणाचं चित्र काढायलीस?"

"कुणाचं न्हाई."

आत्या बडबडली, पण कापड दिलं. तीन हात रुंद, पाच हात लांब. सरांनी प्रयोगशाळेतल्या लाल रंगाच्या तळाशी राहिलेल्या दोन बाटल्या दिल्या. बाकीचं झुंबरनं जमवलं: कपड्यांची नीळ, गेरू, हळद, चुलीची काजळी, आणि घट्ट करायला बाभळीचा डिंक. भिंत एवढी मोठी नव्हती. कापड जमिनीवर पसरायचं, त्यावर उकिडवं बसायचं, आणि आत्या कामावरून यायच्या आत गुंडाळून ठेवायचं.

पहिलं काम फसलं. तिनं सगळ्या खोल्या वाटीच्या मापानं एकसारख्या काढल्या, ते शाळेतल्या तक्त्यासारखं दिसायला लागलं. कापड धुतलं. गुलाबी डाग राहिला तो राहिलाच. दुसऱ्यांदा तिनं माप सोडून दिलं. काचेखाली एकही खोली पूर्ण गोल नसते. शेजारचीनं रेटलेली असते, आणि ती पुढच्या शेजारणीला रेटते. तसं एकीला दुसरीनं रेटत तिनं काढत नेलं. कडेला लाल पुंजक्यांची दाटी केली. पण मधला भाग तिला जमेना. तिथं नुसतं रिकामं सोडलं तर कापडच दिसायचं. ती त्या रिकाम्या जागेकडं बघत बसायची. जानेवारी गेला. एका दुपारी तिनं नीळ पाण्यात अगदी पातळ केली आणि फडक्यानं थर दिला, वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. सात थरांनंतर मधली जागा नुसती रिकामी राहिली नाही. तिच्यात लांबी आली. तिच्यातून पलीकडं कुणालातरी हाक मारता येईल असं वाटायला लागलं. त्यात मग तिनं चार-पाचच पुंजके ठेवले, एकमेकांपासून लांब. शेवटच्या पुंजक्याला लाल रंग पुरला नाही, तो अर्धाच राहिला.

नागनाथ सर एकदा बघायला आले. कापडाभोवती अनवाणी फिरले. आधी ते एकेका भागाला नाव देऊ लागले, मग थांबले. "मी पंधरा वर्षं हा छेद शिकवतो," ते म्हणाले. "बघायचं मात्र सोडून दिलं होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "परीक्षेत हे काढू नकोस."

आईवडील आले ते पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. झुंबरनं दुसऱ्या दिवशी वंदना, जेवण होऊ दिलं, मग अंगणात चादर अंथरून त्यावर कापड उलगडलं. बाप बघून "बरं हाय" म्हणाला आणि बिडी ओढायला गेला. गीताबाई उभ्यानं बघत राहिली. मग कापडाच्या कडेला खाली बसली.

"माय, हा ऊस हाय. आतून असा असतो."

गीताबाईनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "हे तर आपलं बसलंय."

"काय बसलंय?"

"टोळी. कॅनॉलवर पाण्याला गेलं की वरून अशीच दिसती." तिनं बोट पुढं केलं, पण कापडाला लावलं नाही. "हा कॅनॉल असा फिरून गेलेला. पाणी जवळ पडतं म्हणून कोप्यांची सगळी गर्दी ह्या अंगाला. बांबू अन् पाचटाच्या कोप्या, एकीची भिंत दुसरीला लागलेली. रात्री कुणी कूस बदलली तरी शेजारचीला कळतं. ही राधाकिशनची. त्याच्या दारात दोन चुली, म्हातारी येगळी रांधती ना. ही बायनाबाईची. मधी हे सगळं रिकामं. तिथं बैलं असतेत, अन् सांजच्याला धूर खाली बसतो. असाच. निळा."

झुंबर ऐकत होती. चौदा वर्षं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आई आत्ता देत होती, आणि ती प्रश्नाला उत्तर देते आहे हे आईच्या गावीही नव्हतं.

"आपली कुठली?" झुंबरनं विचारलं.

गीताबाईनं बराच वेळ शोधलं. मग त्या अर्ध्या राहिलेल्या पुंजक्यापाशी तिचं बोट थांबलं. "ही. आमी उशिरा पोचलो, मग अशी आत एकलीच जागा भेटली. दार उगवतीला केलंय. पेटी मी डाव्या अंगाला ठेवती."

"कामून?"

"तिथं तू झोपायचीस. तिथं माणूस झोपवाया आजून मन होत न्हाई. मग पेटी ठेवती."

झुंबरनं आईचा हात धरला. त्या दिवशी गीताबाई ऊन उतरेपर्यंत बोलत राहिली. फडावर पहिला घाव कोण घालतं, मोळी डोक्यावर घेताना पाय कसा रोवायचा, गाडीवर बसून कारखान्याला जाताना थंडीत काय पांघरायचं. वच्छलाबाई चहा घेऊन आली आणि तिथंच ऐकत बसली.

पुढच्या दिवाळीला निघताना गीताबाईनं ते कापड मागितलं. झुंबरला द्यायचं नव्हतं. परभणीला चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, सरांनी अर्जही आणून दिला होता. पण आई म्हणाली, "कोपीत आतून लावती. तू केलेलं हाय तर तेवढं तरी सोबत असू दे." मग झुंबरनं स्वतःच्या हातानं घडी घातली.

जानेवारीत पत्र आलं, मुकादमाच्या लेकानं लिहिलेलं. कोपीत तुझं कापड लावलं आहे, बाया बघायला येतात, ज्याची त्याची कोपी शोधतात आणि जागेवरून भांडतात, असं त्यात होतं. झुंबरनं ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला.

मे महिन्यात आई आली तेव्हा पेटीत कापड नव्हतं. गीताबाईनं स्वतःहूनच सांगितलं, मान खाली घालून. सरजाबाई म्हणून टोळीतली पोर, नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहत होती. माघाच्या थंडीत कोपीतच बाळंत झाली. लेकराला गुंडाळायला कोरडं काही नव्हतं. "मी भिताडाचं कापड काढलं अन् दिलं. मग त्याचीच झोळी केली तिनं. परत कसं मागू?"

"लेकरू कसं हाय?"

"चांगलं हाय. पोरगी हाय."

झुंबर "बरं केलंस" म्हणाली आणि पाणी भरायला म्हणून बाहेर गेली. हौदाशी बराच वेळ उभी राहिली. राग नव्हता. पण त्या निळ्या मधल्या जागेला तिचे दोन महिने लागले होते, आणि तशी ती पुन्हा जमेल याची खात्री तिला वाटत नव्हती. पुढं तिनं पुष्कळ कापडं रंगवली. शेवाळाच्या फिती, पानांची तोंडं, मुळांची वर्तुळं. त्यातली दोन परभणीच्या प्रदर्शनात लागलीही. उसाला मात्र तिनं हात लावला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात तिला फाट्याजवळच्या एका गावात शाळेवर नोकरी लागली. पहिल्या दिवाळीआधी तिनं आईला सांगितलं, "आता जायचं न्हाई. मी कमावती हाय." बापाला जिनिंगवर राखणीचं काम मिळालं. गीताबाई हो म्हणाली.

ट्रक निघायच्या दिवशी ती बाकीच्यांना पोचवायला फाट्यावर गेली, परत आली, आणि गप्पच झाली. पहाटे उठून बसायची. अंगण दोनदा झाडायची. भाकरी जास्तीच्या व्हायच्या. झुंबर शाळेतून यायची तेव्हा ती दारात पश्चिमेकडं तोंड करून बसलेली असायची.

"माय, दुखायलंय का काही?"

"न्हाई."

"मग?"

"करमंना." ती म्हणाली, "आता तळ पडला असंल. बायनाबाई वरडत असंल जागेसाठी. सरजीची पोरगी रांगायला लागली असंल."

झुंबरला आधी ते लागलं. एवढी वर्षं आपण इथं बसून हिची वाट बघितली, आणि ही आता घरी आहे तर हिचं मन तिकडं. ती चूल पेटवायला आत गेली. काडी ओढली, विझली, दुसरी ओढली. आईच्या भोवतीचं कोरं तिला आठवलं, घास हातात धरून बसलेल्या त्या संध्याकाळी आठवल्या. आता माय तशी बसली होती. फरक एवढाच की हिच्या डोळ्यांसमोर सगळं होतं, कोण कुठं ते सुद्धा, आणि हात मात्र पोचत नव्हता. कुठलं जास्त जड, हे झुंबरला ठरवता आलं नाही.

रविवारी तिनं बाजारातून मांजरपाट आणलं, अंगणात अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. गेरू भिजवला, नीळ पातळ केली. आईला हाक मारली.

"ये, बस इथं. ह्या साली कॅनॉल कुठल्या अंगाला असंल?"

गीताबाई आधी लाजली. मग पदर खोचून बसली. "असा. खालून वर," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच बोट कापडाला लावून तिनं रेघ ओढली. झुंबर तिच्या बोटामागून ब्रश नेत गेली. कडेची दाटी झाली. राधाकिशनची, त्याच्या म्हातारीची येगळी चूल, बायनाबाईची. झुंबरनं आत एक लाल पुंजका टेकवला.

"ही कुणाची?"

"सरजाबाईची."

गीताबाईनं मान तिरकी करून बघितलं आणि लेकीचं मनगट धरलं.

"येवढ्या जवळ न्हाई. हाक मारली तर ऐकू यावी इतक्या लांब घे."